‘असेल’, ‘असावा’, ‘म्हणे’: पुरावा हातात नसताना मराठीत कसं लिहायचं

सोसायटीची नोटीस, पोलीस ठाण्यातला अर्ज, स्थानिक साप्ताहिकाची बातमी, ऑफिसातला मेल. ठाणे-नवी मुंबईत नव्याने मराठीत लिहू लागलेल्यांची गाडी या सगळ्यांत एकाच जागी अडते: जे पक्कं ठाऊक नाही, ते लिहायचं कसं? इंग्रजी माध्यमात शिकलेले असोत की दिवसभर कामावर हिंदी बोलणारे, बरेच जण ‘शक्यता आहे’ हा एकच शब्दप्रयोग सगळीकडे चालवतात. मराठीत त्यासाठी वीस-पंचवीस शब्द रोजच्या वापरात आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येक शब्द दोन गोष्टी सांगून जातो: अंदाज कशावर उभा आहे, आणि तो चुकला तर कोणी निस्तरायचं.

पायरी 1: हातात काय आहे ते आधी ठरवा

लिहायला बसण्याआधी स्वतःला विचारा: हे मी पाहिलं, खुणेवरून ताडलं, कोणाकडून ऐकलं, की नुसतंच मनात आलं? चौथा पर्याय कमीपणाचा नाही, पण तो पहिल्याच्या कपड्यात बाहेर पडला की भांडण होतं.

नवी मुंबईला पाणी देणारं खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण 88 मीटर पातळीला पूर्ण भरतं. आता ही चार वाक्यं पाहा.

‘धरणाची पातळी 88 मीटरवर गेली, धरण भरलं.’
‘विसर्ग सुरू झालाय, म्हणजे धरण भरलेलं दिसतंय.’
‘धरण भरलं म्हणे.’
‘एवढा पाऊस झाला, धरण भरलं असेल.’

चारही वाक्यं शुद्ध आहेत, खरीही असू शकतात. पण पहिलं वाक्य लिहिणाऱ्याने आकडा पाहिलाय, दुसऱ्याने खूण पाहिलीय, तिसऱ्याने कोणाचं तरी बोलणं पुढे ढकललंय आणि चौथा खिडकीतून पाऊस बघतोय. ‘पाणीकपात मागे घ्या’ अशी मागणी करायची असेल तर पहिल्याच वाक्याला वजन आहे. चौथ्यावर अर्ज करू नये.

पायरी 2: क्रियापदाचं शेपूट नीट लावा

मराठीत अंदाजाचं बहुतेक काम क्रियापद करतं. ‘कदाचित’, ‘बहुधा’ हे शब्द वरची फोडणी. म्हणून आधी क्रियापद पक्कं करा, मग गरज वाटली तर तो शब्द घाला.

‘असेल’ सगळ्यात सैल. ‘दादा घरी असतील’ म्हणायला काही आधार लागत नाही.

‘असावा’ म्हटलं की ऐकणारा आधार मागतो. ‘खाली स्कूटर उभी आहे, दादा घरी असावेत.’ आधार न देता ‘असावा’ वापरलं तर वाक्य पोकळ वाटतं. बातमीत ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी’ असं लिहिलं, तर हे कोणी म्हटलं, अग्निशमन दलाने की शेजाऱ्याने, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

‘असणार’ म्हणजे बोलणाऱ्याची खात्री झालेली आहे. त्याला ‘च’ जोडला (‘असणारच’) की वाद बंद. लेखी कामात हा ‘च’ महागात पडतो, कारण तुमच्यापाशी खात्री असते, पुरावा नसतो.

‘असायला हवा’ हा अंदाज नियमावर किंवा सवयीवर चालतो. ‘आठची ठाणे लोकल आत्ता रबाळ्याला असायला हवी.’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे. गाडी कुठे आहे हे कोणीच पाहिलेलं नाही.

आता यातला खड्डा. सरकारी आणि सोसायटीच्या भाषेत ‘असावा’ हा शब्द अटही सांगतो. ‘अर्जदार नवी मुंबईचा रहिवासी असावा’ यात अंदाज काडीचाही नाही, ती अट आहे. म्हणून नोटिशीत ‘गच्चीचा दरवाजा बंद असावा’ असं लिहिलं की निम्मे लोक आदेश समजतात आणि निम्म्यांना वाटतं, लिहिणाऱ्याने वर जाऊन पाहिलेलंच नाही. आदेश असेल तर ‘बंद ठेवावा’ लिहा. अंदाज असेल तर ‘बंद असावा असं वाटतं, वॉचमनने पाहून घ्यावं’ लिहा.

बोलण्यातल्या आणखी तीन लकबी लक्षात ठेवा. ‘वाटतं’ वाक्याच्या सुरुवातीला आलं की मत होतं, शेवटी आलं की अंदाज. ‘मला वाटतं, आज पाणी सोडू नये’ हे मत. ‘आज पाणी नाही वाटतं’ हे नळ उघडून हात कोरडा राहिल्यावर निघालेलं वाक्य. ‘की काय’ अंदाजात धास्ती मिसळतं: ‘गाडी रद्द झाली की काय?’ आणि ‘म्हणे’ बोलणाऱ्याला पूर्ण मोकळं करतं. ‘घणसोलीला म्हणे जागांचे भाव उतरलेत’ असं म्हणणाऱ्याला तुम्ही नंतर पकडू शकत नाही. त्याने भाव उतरलेत असं म्हटलेलंच नाही, कोणीतरी म्हटलं एवढंच सांगितलं. शिवाय ‘म्हणे’त बरेचदा एक बारीक अविश्वासही असतो. म्हणून नोटिशीत, अर्जात, इतिवृत्तात ‘म्हणे’ चालत नाही. तिथे ‘अमुक यांनी सांगितल्यानुसार’ असं नाव घेऊन लिहावं, आणि नाव घेता येत नसेल तर ते वाक्यच गाळावं. वर्तमानपत्रातलं ‘असे समजते’ हे या ‘म्हणे’चंच इस्त्री केलेलं भावंड आहे. नवख्या बातमीदाराने ते एका बातमीत एकदाच वापरावं.

‘बहुतेक’ हा शब्द मात्र जपून. ‘बहुतेक सभासद रविवारी येतील’ याचे दोन अर्थ होतात: पुष्कळसे सभासद येतील, किंवा सभासद येण्याचा संभव आहे. पहिलं म्हणायचं असेल तर ‘बहुसंख्य सभासद’, दुसरं असेल तर ‘सभासद बहुधा येतील’.

पायरी 3: नाम आणि त्याचं ठरलेलं क्रियापद

इथे नवखा लिहिणारा लगेच ओळखू येतो. अंदाज बांधतात, घेतात किंवा वर्तवतात. अनुमान आणि निष्कर्ष काढतात. तर्क करतात किंवा लढवतात. अटकळ आणि आडाखे बांधतात. कयास बांधतात किंवा करतात. अदमास घेतात. भाकीत करतात किंवा वर्तवतात. होरा चुकतो, क्वचित खरा ठरतो. ‘अनुमान लावलं’ आणि ‘अंदाजा लावला’ ही हिंदीची नक्कल आहे. ‘अंदाज लावला’ आता सर्रास ऐकू येतं, ‘अंदाज बांधला’ अजूनही जास्त शोभतं.

‘अंदाज’ सगळ्यात मोठा शब्द आहे, महापालिकेच्या अंदाजपत्रकापासून भाजीतल्या मिठापर्यंत चालतो. मिठाचा अंदाज हातातून येतो, अंदाजपत्रकाचा गेल्या वर्षाच्या जमाखर्चातून. हवामान खात्याचा अंदाज तर मोजून-मापून शब्दांत बांधलेला असतो. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की तो जोरदार, 115.6 पासून अति जोरदार, आणि 204.5 पासून त्याहून वरची पायरी. तेव्हा ‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ हा अंदाज सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना ‘आज ठाण्यात धो धो पाऊस’ असं करू नका. कळव्यात टिपूसही नाही पडला तरी मूळ अंदाज चुकलेला नसतो, तुमचा मात्र चुकतो. ‘इशारा’ आणखी वेगळा: अंदाज काय होईल ते सांगतो, इशारा तयारीला लागा म्हणतो.

‘अनुमान’ जरा कडक शब्द आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या एका जुन्या भारतीय शाखेने, ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पारसिकच्या डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग. म्हणून तिथे आग आहे. खूण, नियम, निष्कर्ष असे तीन दुवे असले की त्याला अनुमान म्हणावं. यात गडबड बहुधा पहिल्याच दुव्यात होते: दिसतो तो धूर नसतो, धुळीचा लोट असतो. नियम बरोबर, विचार बरोबर, तरी आग नाही. म्हणून तपासणी अहवाल लिहिताना ‘अनुमान’ शब्दाआधी ती खूण सांगा, आणि ती कोणी व कुठून पाहिली तेही.

‘तर्क’ फसवा आहे. तर्कशास्त्रात तो शिस्तीचा, रोजच्या मराठीत मोकाट. ‘तर्क लढवू नका’ म्हणजे बसल्या जागी डोकं चालवू नका. ‘तर्कवितर्क’ म्हणजे ज्याचा निकाल लागत नाही अशी चर्चा, आणि ‘तर्कट’ म्हणजे मुद्दाम काढलेला वाकडा अर्थ. ‘अटकळ’ला आधार तुटपुंजा असतो, आणि ती बांधणाऱ्यालाही हे माहीत असतं. ‘आडाखे’ अनुभवी माणसाचे असतात, शक्यतो अनेकवचनी येतात आणि पुढच्या गोष्टीबद्दल असतात: निवडणूक, बाजारभाव, पाऊस. ‘ठोकताळा’ म्हणजे बऱ्याच वेळा खरा ठरलेला ढोबळ नियम.

आता ‘गृहीत धरणे’. शुद्धलेखन आधी: ‘ही’ दीर्घ, ‘गृहित’ चूक. अर्थ असा की पुरावा नाही हे ठाऊक आहे, तरी पुढचं काम चालावं म्हणून तूर्त खरं मानतोय. सोसायटीचं बजेट करताना ‘टँकर महिन्याला आठ लागतील असं गृहीत धरलं आहे’ हे उत्तम वाक्य आहे, कारण आठाचे बारा झाले तर हिशेब कुठे बदलायचा ते सगळ्यांना कळतं. उलट ‘टँकरचा अंदाज आठ आहे’ म्हटलं की सभेत विचारलं जातं, कशावरून? कायद्यातही हा शब्द भारदस्त आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, आणि आधीच्या 1872 च्या पुरावा कायद्यातही, न्यायालयाने एखादी गोष्ट कधी गृहीत धरावी, कधी धरता येईल, हे वेगवेगळं सांगितलं आहे. एखादा माणूस जिवंत असता तर ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती, त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर ‘तो जिवंत आहे’ हे सिद्ध करायचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर जातं. तिथे ‘वाटतं’, ‘असेल’ यांना जागा नाही.

माणसाला जोडलं की मात्र याच शब्दाची तक्रार होते. ‘तुम्ही सचिवांना गृहीत धरता’ म्हणजे त्यांची किंमत ठेवत नाही, विचारत नाही.

समज, समजूत, ग्रह, श्रद्धा

इथवरचे शब्द तात्पुरते होते. हे मनात घर करून बसलेले. ‘समज’ एका माणसाचा असू शकतो, ‘समजूत’ बहुधा गावाची, समाजाची: ‘मांजर आडवं गेलं तर काम होत नाही अशी समजूत आहे.’ समज चुकीचा असेल तर ‘गैरसमज’, आणि ‘चुकीचा गैरसमज’ लिहू नका. सोबतच्या क्रियापदाने अर्थ पार बदलतो: पोलीस ‘समज देऊन’ सोडतात, म्हणजे ताकीद देऊन, आई ‘समजूत काढते’, म्हणजे समजावते. ‘ग्रह’ माणसाबद्दलच होतो आणि तो बहुधा वाईट. भेटीआधीच झालेला असेल तर ‘पूर्वग्रह’.

‘श्रद्धा’ला पुराव्याची अपेक्षाच नसते, म्हणून ‘त्यांची अशी श्रद्धा आहे’ यात टीका नाही. ‘अंधश्रद्धा’ म्हटलं की तुम्ही निकाल दिला. बातमीत हा निकाल देताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ज्याला लोक अंधश्रद्धाविरोधी कायदा म्हणतात, त्या महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच नाही. तिथे नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा असे शब्द आहेत. कायद्याने कृत्यांवर बोट ठेवलं आहे. कोणी काय मानावं हे त्यात नाही.

पायरी 4: हिंदीतून येणारे पाहुणे दारात थांबवा

ठाणे-नवी मुंबईत हे होणारच, कानावर दिवसभर हिंदी असते. सगळ्यात घातकी शब्द ‘मान्यता’. ‘या तलावात नाणं टाकलं की इच्छा पुरी होते अशी मान्यता आहे’ हे मराठीत वाचलं की प्रश्न पडतो, मान्यता दिली कोणी, सिडकोने? मराठीत मान्यता म्हणजे मंजुरी. ‘अशी श्रद्धा आहे’ किंवा ‘असं मानतात’ लिहा. ‘संभावना’ही तशीच: हिंदीत शक्यता, मराठीत एखाद्याचा केलेला मानपान, तोही बरेचदा उपरोधाने. ‘पावसाची संभावना’ लिहिलं तर पावसाला शाल-श्रीफळ दिल्यासारखं वाटतं. ‘आशंका’ऐवजी ‘भीती’ किंवा ‘शक्यता’ लिहा. वाईट गोष्टीला भीती, चांगल्या-वाईट दोन्हींना शक्यता.

‘नजरअंदाज’ची गंमत आहे. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. महसूल खात्याच्या मराठीत ‘नजरअंदाज पैसेवारी’ म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून ठरवलेली पैसेवारी (पीक किती येईल याचा सरकारी अंदाज), पुढे सुधारित आणि मग अंतिम होते ती. मुरबाड-शहापूरकडच्या बातम्या लिहिणाऱ्याने ‘प्रशासनाने पिकं नजरअंदाज केली’ असं लिहिलं, तर तहसील कार्यालयात त्याचा नेमका उलटा अर्थ लागेल.

पायरी 5: आकड्यांचा अंदाज

‘अंदाजे 4,387 नागरिक’ हे सगळ्यात जास्त दिसणारं चुकीचं वाक्य. मोजले असतील तर ‘अंदाजे’ काढा, मोजले नसतील तर ‘सुमारे 4,400’ लिहा. ‘अंदाजे सुमारे’ हे तर दोनदा घातलेलं मीठ.

‘पन्नासेक’ म्हणजे पन्नासच्या थोडं अलीकडे किंवा पलीकडे. ‘जवळजवळ पन्नास’ म्हणजे पन्नासला थोडे कमी. ‘पन्नासच्या वर’ स्पष्ट आहे. ‘जेमतेम पन्नास’ यात नाराजी आहे, ‘तब्बल पन्नास’ यात आश्चर्य, म्हणून हे दोन्ही शब्द अहवालात नकोत. ‘दोन-चार’, ‘आठ-दहा’, ‘पंधरा-वीस’ या रुळलेल्या जोड्या आहेत. ‘सात-अकरा माणसं’ असं कोणी म्हणत नाही. आणि काही आकडे मुळात आकडेच नसतात: ‘सतरा वेळा सांगितलं’ म्हणजे सतरा वेळा नाही, ‘सतराशे साठ कारणं’ कोणी मोजलेली नसतात. तक्रारअर्जात ‘सतरा वेळा फोन केला’ लिहिलं की समोरचा बाबू कॉलची यादी मागतो.

सभेच्या इतिवृत्तात हजेरी अंदाजाने लिहायची नाही, गणपूर्ती त्यावर ठरते. वेळ सांगतानाही तेच: ‘दुपारपर्यंत पाणी येईल’ यातली दुपार कोणाची बाराला असते, कोणाची चारला. ‘साधारण दोनपर्यंत’ लिहा.

पायरी 6: अंदाज माणसावर असेल तेव्हा

इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. ‘शंका’ आणि ‘संशय’ एक नाहीत. शंका म्हणजे प्रश्नही होतो. शिक्षक ‘काही शंका?’ विचारतात तेव्हा कोणावर आळ नसतो. ‘संशय’ माणसावर असतो. ‘शंका विचारली’ म्हणजे प्रश्न केला, ‘शंका काढली’ म्हणजे खुसपट काढलं, ‘संशय घेतला’ म्हणजे बोट दाखवलं. पोलिसांच्या बातमीत ‘संशयित’, ‘आरोपी’, ‘दोषी’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत तिसरा शब्द वापरायचा नाही.

लोकलमध्ये मोबाइल गेला, तर रेल्वे पोलिसांकडे अर्ज देताना ‘गहाळ झाला’ की ‘चोरीस गेला’ हे विचार करून लिहा. गहाळ लिहिलं तर हरवल्याची नोंद होते, चोरी लिहिलं तर गुन्ह्याची गोष्ट सुरू होते. कोणी खिशात हात घातल्याचं जाणवलं, पिशवीला चीर दिसली, तर ते लिहून ‘चोरीस गेला’ म्हणा. फक्त ‘तुर्भ्याला होता, वाशीला नव्हता’ एवढंच ठाऊक असेल, तर तेवढंच लिहा. कोणाचं नाव घ्यायचं झालं तर ‘माझा संशय आहे’ यापुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे. कारण नसेल तर ‘अज्ञात इसम’.

आता सोसायटीच्या ग्रुपवर येतो तसा एक मेसेज घेऊ:

‘टाकी साफ करणाऱ्यांनी व्हॉल्व्ह उघडा ठेवला, रात्रभर सगळं पाणी गटारात गेलं. पैसे देऊ नका.’

यात पाहिलेलं काय? काल दुपारी टाकी साफ झाली. पहाटे पाचला वॉचमनला टाकी रिकामी दिसली. मधलं सगळं ताडलेलं आहे. पाणी गटारात गेलं हे कोणी पाहिलेलं नाही, ते रात्री टाकीत चढलं होतं का हेही नाही. मग असं लिहावं:

‘काल दुपारी टाकी साफ झाली. आज पहाटे पाचला वॉचमनला टाकी रिकामी आढळली. खालचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा. रात्री पाणी कमी दाबाने आलं असेल, हेही पाहायचं आहे. प्लंबर दहाला येतोय. तोपर्यंत बिल थांबवलं आहे.’

‘असावा’ व्हॉल्व्हला लावलाय कारण टाकी साफ करताना तो उघडतात, हा आधार आहे. दाबाबद्दल हातात काहीच नाही, म्हणून तिथे ‘असेल’. बिल थांबवण्यात आरोप नाही. कामगारांचं नाव नाही, आणि प्लंबर काही वेगळं बोलला तरी कोणाला शब्द गिळावे लागत नाहीत.

पायरी 7: अंदाज चुकला तर

गुपचूप मेसेज पुसू नका, निम्म्या लोकांनी तो फॉरवर्ड केलेला असतो. आधीचं काय म्हटलं होतं, आता काय आढळलं, आणि त्यामुळे काय बदलतं, एवढं लिहा: ‘सकाळी व्हॉल्व्ह उघडा राहिला असावा असं कळवलं होतं. प्लंबरने पाहिलं, व्हॉल्व्ह बंद होता; चढणाऱ्या पाइपात हवा अडकली होती. टाकी साफ करणाऱ्यांचं बिल आज दिलं.’

शेवटी ‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ मात्र लिहू नका. त्यात गैरसमज वाचणाऱ्याचा ठरतो, आणि समज तर तुम्ही करून दिला होता. ‘सकाळचा आमचा अंदाज चुकला’ एवढं पुरतं.